दांड्यातलं टाचणीएवढं भोक

दुसऱ्यांदा पिस्टन धरला तेव्हा मी इंजिनाला सणसणीत लाथ घातली. माझ्या अंगठ्याचं नख पुढं महिनाभर काळंनिळं होतं, इंजिनाला काही झालं नाही. गुऱ्हाळावर त्या वेळी पंधरा-वीस माणसं असतील. चरकाच्या तोंडात ऊस अर्धवट अडकलेला, काहिलीत रस उकळतोय, आणि सगळी माणसं इंजिनाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं. ते धूड गावात मीच आणलं होतं.

लढाई संपून मी पलटणीतून घरी आलो, त्याच्या पुढच्या हंगामातली ही हकिकत. आमचं गाव कृष्णाकाठी, आष्ट्यापासून दोन-अडीच कोसांवर. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडायचा आणि सांगली म्हणजे नदीपलीकडचं संस्थान होतं. सहा वर्षांच्या नोकरीत मी बंदूक फारशी धरलीच नाही. मी वर्कशॉपातला फिटर. वाळवंटात लॉऱ्या दुरुस्त करत हिंडलो. घरी आल्यावर उसाच्या सरीत उभं राहवेना. हातात खुरपं असायचं आणि डोक्यात गिअरबॉक्स. त्यातच लष्करानं जुना माल लिलावात काढल्याची बातमी आली, आणि माझं डोकंच फिरलं.

मी आबांना, म्हणजे वडिलांना, गाठलं. म्हटलं, लॉरीचं इंजिन आणू आणि चरकाला पट्ट्यानं जोडू. बैलांचं दिवसभराचं काम न्याहारीच्या आत उरकेल. आबा फार बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चिलीम झाडली आणि विचारलं, "खातंय काय त्ये?"

"पेट्रोल," मी म्हणालो.

"आनि शेन?"

एवढं बोलून ते उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभरात त्यांनी भावकीतल्या उसवाल्यांना गोळा केलं आणि लिलावातून एक चालू इंजिन आणि त्याच जातीचं एक मोडकं इंजिन, सुट्या भागांसाठी, आमच्या गुऱ्हाळावर येऊन पडलं. आबांनी आणखी एक गोष्ट केली. चरकाची आपली बैलजोडी, जिला ते माझ्यापेक्षा जास्त जपायचे, ती पाटणकडच्या एका पाहुण्याला देऊन टाकली. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "इंजान हाय म्हनालास न्हवं? मग दोन-दोन कशाला?" म्हणजे माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी परतीची वाटच मोडून टाकली होती. तेव्हा मला त्याचा आनंद झाला. नंतर झोप उडाली.

कारण इंजिन पहिले दोन तास असं पळायचं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. चरकातून रसाची धार सुटायची, पोरं टाळ्या पिटायची. तिसरा तास लागला की आवाज बदलायचा. मोकळा घुमणारा आवाज आवळत जायचा, पट्टा सुस्तावायचा, जळकट वास यायचा, आणि मग एकदम खट्! पिस्टन सिलिंडरला धरून बसायचा. एकदा झालं, मी मोडक्या इंजिनातले पिस्टन काढून घातले. आता दुसऱ्यांदा झालं. त्या मोडक्यात चार धड पिस्टन होते, पैकी दोन पहिल्या वेळी गेले, उरलेले दोन आता जाणार. तिसऱ्या वेळेला घालायला पिस्टन नव्हता.

आणि गुऱ्हाळ काही थांबत नाही. भावकीत पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची पाळी त्यानं आदल्या दिवशी ऊस तोडून आणून टाकलेला असतो, तो उन्हात वाळायला लागतो. गुळव्या, म्हणजे काहिलीवर उभा राहून गूळ करणारा आमचा जाणता माणूस, लाथ घातल्यावर जवळ आला आणि माझ्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "लागलं व्हय? बैल परत लाथ तरी घालतुया."

सगळे हसले. मी भडकलो. माझा स्वभावच तसा, आधी ओरडायचं आणि नंतर पस्तावायचं. पुण्याहून मला पत्र आलेलं होतं. लष्कराच्या वर्कशॉपात तयार फिटर पुन्हा हवे होते, यायचं असेल तर संक्रांतीच्या आत कळवा, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र मी खिशातून काढलं आणि सगळ्यांसमोर आबांना म्हणालो, "आवं आबा, आता अजून एकदा जरी पिस्टन धरला ना, तर मी ह्या गावात ऱ्हात न्हाई. सरळ पलटणीत परत जातो!"

आबांनी पत्राकडं बघितलं. "बरं," म्हणाले.

बास, एवढंच. मला वाटलं, यांना काही फरकच पडत नाही.

चिडलेल्या माणसाचं डोकं कधीकधी फार छान चालतं. त्याच दुपारी मी इंजिन खोललं आणि दुखावलेला पिस्टन हातात घेऊन बसलो. त्याचा माथा राखेसारखा पांढरा पडला होता. पाणी भरपूर होतं, पिंपातून सिलिंडरभोवती फिरत होतं, सिलिंडर थंड होता. तापत होता तो एकटा पिस्टन. लॉरी रस्त्यावर असली की चढ येतो, उतार येतो, ड्रायव्हर चहाला थांबतो. इंजिनाला दम खायला मिळतो. इथं आम्ही त्याला दिवसभर एकाच जागी, एकाच ओढीला जुंपलं होतं. वर जाळ, आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट नाही. पिस्टन फुगायचा आणि अडकायचा.

आणि मला वाळवंटातली विहीर आठवली! मी उडालोच जागचा. तिथं एका छावणीत लॉरीचंच इंजिन विहिरीवर बसवून पाणी उपसत होते आणि त्यालाही हाच रोग होता. आमच्या वर्कशॉपातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं त्याचे कनेक्टिंग रॉड काढले होते. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा. त्या दांड्याच्या खालच्या मोठ्या कड्यात पंपानं दाबाचं तेल येतच असतं. त्यानं कड्याच्या खांद्यातून वर तिरकं एक बारीक भोक पाडलं. दांडा फिरला की प्रत्येक फेऱ्याला त्यातून तेलाची चिळकांडी उडायची ती थेट पिस्टनच्या पोटात, माथ्याच्या खालच्या अंगाला. तेल तिथली उष्णता घेऊन खाली ओघळायचं. त्यानंतर ते इंजिन मी तिथं होतो तोवर कुरकुरलं नाही.

गावात मी ताबडतोब सांगून टाकलं की हे काम मी लढाईत स्वतः केलेलं आहे. खरं काय ते आता म्हातारपणी लिहायला हरकत नाही. मी ते दांडे नुसते रॉकेलनं धूत होतो. भोक केवढं, तिरकं किती, कुठून सुरुवात करायची, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. भोक मोठं झालं तर तेलाचा सगळा दाब तिथूनच निसटणार आणि बेअरिंगं कोरडी पडून जळणार. वाकडं झालं तर चिळकांडी भलतीकडंच. खोल चरा पडला तर दांडाच तुटायचा, आणि तुटलेला दांडा सिलिंडर फोडून बाहेर येतो. मोडक्या इंजिनातले तीन दांडे वाकलेले होते. चौथ्याचा तुकडा पडला होता. कामाचे दांडे चारच, जे आमच्या इंजिनात होते तेवढेच.

चारही दांडे आणि एक वाकडा पोत्यात घालून मी सायकलवर आष्टा गाठलं. तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे शिकलगार होते. कोयते, विळे, वस्तरे यांना धार लावायचे. जतकडचे धनगर लोकरीच्या कातरी घेऊन त्यांच्याकडं यायचे. पण मला हवी होती त्यांची दुसरी कला. रानडुकरांसाठी लोक ठासणीच्या बंदुका बाळगायचे आणि त्या बंदुकीत ठिणगी आत जायला जे बारीक भोक असतं, ते कडक पोलादात सरळ पाडणारा त्या टापूत हा एकच माणूस होता. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

चाचांनी दांडा हातात घेतला, तोलला, नखानं वाजवून कानाशी धरला. "लोखंड गोड हाय," म्हणाले. "ह्यातनं काय उडवायचं? डुक्कर?"

मी जमिनीवर कोळशानं चित्र काढून सगळं समजावलं. बोलता बोलता मी उठून उभा राहिलो होतो, हातवारे करत होतो, तोंडानं तेलाचा फस्स फस्स आवाज काढत होतो. कातर घेऊन आलेले दोन धनगर आपापसात कानडीत काहीतरी बोलून हसले. चाचा मात्र चित्राकडं टक लावून बसले होते.

"भोक किती मोठं करू?" त्यांनी विचारलं.

तिथं माझी गाडी अडली. खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. पण समोरच्या माणसाच्या हातात माझे चार दांडे होते. म्हटलं, "चाचा, खरं सांगतो, मला ठावं न्हाई. मी नुसतं बघितलंय."

चाचा खूश झाले! खरंच सांगतो, त्यांचा चेहरा उजळला. "मग बरं हाय. ज्याला ठावं असतंय त्यो लय घाई करतोय." त्यांनी डबीतून सगळ्यात बारीक गिरमिटाचं पातं काढलं, टाचणीच्या डोक्याएवढं. "ह्यानं सुरू करू. भोक लहान ऱ्हायलं तर मोठं करता येतंय. मोठं झाल्यावर कोन ल्हान करनार, बेटा?"

पहिलं भोक वाकड्या दांड्यावर पाडलं. चाचा सामता, म्हणजे गिरमिट फिरवायची दोरीची कमान, ओढायचे, दोरी गिरमिटाभोवती गरगर फिरायची, मी तेलाचा थेंब सोडत राहायचो. लोखंडाचा केसासारखा बारीक कीस वर यायचा. दोन तासांनी पातं आरपार निघालं तेव्हा मी ओरडलो ते समोरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं.

आता चिळकांडी जाते कुठं ते बघायला हवं होतं. माझ्या सामानात रंगपंचमीची पितळी पिचकारी होती, आईनं फळीवरून काढून दिली होती. तिचं तोंड कातड्याची चकती लावून कड्याच्या आतल्या अंगाला गच्च दाबलं, पिस्टन जितका वर असतो तितक्या उंचीवर चाचांनी कागद धरला आणि मी दट्ट्या रेटला. तेलाची धार कागद चुकवून सरळ चाचांच्या पांढऱ्या दाढीत गेली. मग चाचांनी दाढी पिळली आणि म्हणाले, "नेम जरा खाली पायजे."

असे तीन दिवस गेले. मी रोज सकाळी सायकल हाणत जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. इकडं ज्याची पाळी होती त्याचा ऊस दुसऱ्या गावच्या गुऱ्हाळावर गाड्या भरून न्यावा लागला, आणि गाडीवाले माझ्या सायकलीजवळून जाताना मुद्दाम बैलांना मोठ्यानं शाबासकी द्यायचे. मला त्याचं काही वाटेना. मी हवेत होतो. पहिला दांडा झाला, दुसरा झाला. पिचकारीची धार कागदावर काढलेल्या वर्तुळाच्या मधोमध बसायला लागली. तिसऱ्या दांड्यात पातं कट्कन मोडलं आणि आतच अडकलं.

चाचा म्हणाले, भट्टीत थोडं तापवू, सैल होईल. मी दांडा हिसकावूनच घेतला. "तापवू नका! पोलादाचं पाणी उतरंल, दांडा मेणावानी वाकंल!" म्हाताऱ्या माणसावर असं ओरडायला नको होतं. पण ते रागावले नाहीत. दांडा उलटा करून बराच वेळ बघत बसले. मग नवं पातं तयार केलं, त्याला पाणी दिलं, आणि आतल्या अंगानं, कड्याच्या बाजूनं, उलट दिशेनं भोक पाडत यायला सुरुवात केली. मोडलेल्या तुकड्याला ते टेकलं तसं त्यांनी पातं काढून एक जाड सुई घातली आणि हातोडीचा एक हलका टोला दिला. टुण्! तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. मी त्या माणसाच्या पायाच पडलो.

चौथा दांडाही झाला आणि चौथ्या दिवशी, उरलेले दोन पिस्टन घालून, इंजिन जोडलं. चाचा स्वतः आले होते, डोक्याला नवा रुमाल बांधून. आबा लांब, चिपाडाच्या ढिगापाशी, पाठ करून बसले होते. मी हँडल मारलं, इंजिन पेटलं आणि माझी नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर खिळली. काटा चढला, मग पूर्वीच्या जागेपासून खाली यायला लागला. भोकं फार मोठी झाली का? पण काटा दोन रेघा उतरून थांबला आणि तिथंच थरथरत राहिला. पुरेसा होता! चार चिळकांड्यांना लागतं तेवढंच तेल तिकडं जात होतं. मी पट्टा चढवला आणि ओरडलो, "ऊस लावा!"

पहिला तास गेला. दुसरा गेला. तिसरा लागला तशी गुऱ्हाळावर बोलणं बंद झालं. काहिलीवरचा गुळव्यासुद्धा मान वळवून कान देत होता. मी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवून उभा होतो. आवाज आवळतोय का? नाही. पट्टा सुस्तावतोय का? नाही. ते पठ्ठं घुमतच होतं, जसं सकाळी सुरू केलं तसं! तिसरा तास उलटला, चौथा उलटला आणि मला हसू आवरेना. उगीचच हसत सुटलो. चाचांना मी उचललं आणि चरकाभोवती एक चक्कर मारली. ते म्हणत होते, "आरं सोड गड्या, कंबर मोडंल!" आणि तेही हसत होते. दिवस मावळायच्या आत एका पाळीचा सगळा ऊस संपला. प्लग काढून आत डोकावलो, पिस्टनचा माथा आता पांढरा नव्हता, छान तपकिरी होता.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना पुन्हापुन्हा समजावून सांगितलं. आबा मागं उभे होते. "सगळं तेलाचं काम हाय," मी म्हणत होतो. "वर जाळ, खालनं तेल. जितकं चांगलं तेल पोटात जाईल तितकं ह्ये थंड ऱ्हानार, आनि जितकं थंड तितकं वडनार." आबांनी मला मध्येच विचारलं, "त्ये काळं तेलच लागतंय का?" मला वाटलं, काहीतरी खोच काढतायत. म्हटलं, "आबा, तुमी इंजिनाचं माज्यावर सोडा."

पुढचे तीन दिवस म्हणजे निव्वळ सुख. पाळीमागून पाळी निघत होती. ज्यांनी मला बैलांवरून टोमणे मारले तेच आता लांबच्या गावचे पाहुणे इंजिन दाखवायला आणत होते. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की दाबाचा काटा उतरलेल्या दोन रेघा पुन्हा चढून गेलाय. मी तर नाचायचाच बाकी राहिलो. चाचांना निरोप धाडला, इंजिन दिवसेंदिवस सुधारतंय म्हणून! चौथ्या दिवशी दुपारी गुळव्या काहिलीवरून ओरडला, "आरं, भजी कोन तळतंय रं?" वास खरंच येत होता, खमंग. आम्ही सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि भज्यांवरून एकमेकांची थट्टा केली.

पाचव्या दिवशी, ऊन चढल्यावर, आवाज आवळायला लागला.

तो आवाज मला आईच्या हाकेसारखा ओळखीचा झाला होता. मी चरकापाशी होतो. उसाच्या मोळीवरून उडी मारून इंजिनापर्यंत पोचलो आणि बंदच करून टाकलं. पट्टा दोन-चार फेऱ्या फिरून थांबला. मी हँडल धरून हळूच दाबलं. जड होतं, पण फिरलं. धरलेलं नव्हतं.

खालची टाकी सोडली आणि मला काही समजेना. तेल दाट, पिवळसर, डिंकासारखं तार धरणारं. दांड्यांवर मधासारखा चिकट लेप बसला होता. चारपैकी दोन भोकं ठार बुजलेली आणि बाकीची दोन बुजत आलेली. म्हणजे काटा चढत होता तो याच्यामुळं! तेलाला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती, आणि मी मूर्ख, त्यालाच सुधारणा समजून मिरवत होतो. मी बोट त्या लेपात बुडवून नाकाशी नेलं. भाजलेल्या शेंगांचा वास आला. इंजिनात कुणीतरी गोडं तेल ओतलं होतं, घाण्याचं, शेंगदाण्याचं तेल!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गुऱ्हाळाच्या मधोमध उभा राहून असा ओरडलो की ओट्यावरची कुत्री पळाली. कुणी केलं हे? कुणाला माझं बरं बघवत नाही? बैलवाल्या गाडीवानांकडं बोट केलं, गुळव्याकडं केलं, भावकीतल्या प्रत्येकाची नीयत काढली. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळे खाली बघत होते. शेवटी चिपाडाच्या ढिगाकडून आबा आले. त्यांच्या हातात बांबूचं नळकांडं होतं, एका बाजूनं तिरकं तासलेलं. बैलाला तेल पाजायचं नळकांडं. हंगामात चरकाच्या बैलांना आमच्याकडं रोज पहाटे गोडं तेल पाजायचे, ओढीनं बैल आतून तापतो, तो थंड राहावा म्हणून.

"म्या पाजलं," आबा म्हणाले.

"आबा?"

"तू रोज सकाळी नदीवर अंघूळीला जायचास, तवा पाजायचो. पावशेर-पावशेर. घरच्या शेंगाचं हाय, ताजं. तूच म्हनालास न्हवं, चांगलं तेल पोटात ग्येलं तर वडंल म्हनून? त्या काळ्या तेलाचा वास बघ की. राबनाऱ्याला कुनी तसलं पाजतंय व्हय?"

अजूनही रागच होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मी कसंबसं म्हणालो की हे तेल जाळावर आटून डिंक होतं, भोकं बुजतात. आबांनी मान हलवली. सगळ्या भावकीसमोर, ज्या माणसानं आयुष्यात कधी कुणासमोर मान खाली घातली नव्हती तो माझा बाप, हातातलं नळकांडं उगीच पुसत म्हणाला, "मला इंजानातलं काय कळतंय रं? बैल असता तर वळखलं असतं, दमला का दुखावला. ह्ये काय सांगतच न्हाई. म्हटलं आपल्या हातानं काय हुतंय त्ये करावं. ह्ये थांबलं की तू जानार. सहा वर्सं तुजी आई दारात बसून हुती. आनि मी काय रानात हुतो व्हय? मी बी दारातच हुतो."

मग त्यांनी उघड्या पडलेल्या इंजिनाकडं बघितलं, आणि विचारलं, "आता जानार?"

गुळव्यानं काहिलीखालचा जाळ कधी ओढून घेतला होता कुणास ठाऊक. माझ्या आत त्या पहिल्या दिवशीसारखंच, चाचांना उचललं तेव्हासारखं, काहीतरी उसळत होतं. मला कुणी "जा की" म्हणालं नव्हतं. कधीच नव्हतं. मी त्या "बरं"चा केवढा वाईट अर्थ लावून घेतला होता!

"पिस्टन धरला न्हाई, आबा," मी म्हणालो. "येळंत बंद केला मी. हँडल फिरतंय, बघा."

"म्हंजी?"

"म्हंजी मी ऱ्हातोय."

आबांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग वाकून हँडलाला हात घातला आणि ते खरंच फिरतंय का ते स्वतः फिरवून बघितलं.